छप्पर कोणाचे गळते आहे?

गेला महिनाभर आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप गटावर गिरगावातल्या मावशीच्या चाळीवरून वाद चालू आहे. चाळ शंभरी ओलांडलेली, खोल्या पागडीच्या, मालकाला दुरुस्तीत रस नाही आणि रहिवाशांचा बिल्डरच्या शब्दावर भरवसा नाही, अशी ती नेहमीची अवस्था. मी न्यू जर्सीतून लिहिले की निदान रस्त्याकडचा दर्शनी भाग, ते नक्षीचे कठडे आणि तो लाकडी जिना राखून पुनर्विकास करता येणार नाही का. मावसभावाचे उत्तर दोन मिनिटांत आले : "ताई, तू तिकडे बसून जिन्यावर प्रेम कर. इथे पावसाळ्यात आम्ही बादल्या लावतो." त्यावर आमच्या एका काकांनी तिसरेच टोक गाठले. आपला वारसा आपल्याच माणसांनी जपायचा असतो, चाळीत आता निम्मे लोक बाहेरून आलेले आहेत आणि त्यांना त्या जिन्याचे काय, असे त्यांचे म्हणणे. तिथून मूळचे कोण आणि उपरे कोण यावर जे सुरू झाले ते अजून थांबलेले नाही.

मी गटावर पुढे काही लिहिले नाही. बादल्यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि काकांच्या मुद्द्याला जे उत्तर होते ते दोन ओळींत बसणारे नव्हते. ते उत्तर माझ्या कचेरीपासून वीस मिनिटांच्या चालीवर, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडच्या लोअर ईस्ट साइड या वस्तीत उभे आहे.

कनाल स्ट्रीट आणि डिव्हिजन स्ट्रीट यांच्यामध्ये एल्ड्रिज स्ट्रीटचा जो अरुंद तुकडा आहे, तिथे आज बहुतेक पाट्या चिनी आहेत. भाजीचे खोके फुटपाथवर उतरवले जात असतात, नूडल्सच्या दुकानांतून वाफ येत असते, वर पाच मजली जुन्या इमारतींच्या पुढच्या अंगाला लोखंडी जिने लटकलेले असतात. या सगळ्याच्या मध्ये एकाएकी घोड्याच्या नालासारख्या कमानींची, मोठ्या गोल खिडकीची एक भव्य इमारत दिसते. हे एल्ड्रिज स्ट्रीटचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनालय. रशिया, पोलंड, लिथुआनिया या भागांतून आलेल्या गरीब ज्यू निर्वासितांनी ते बांधले आणि 1887 च्या सप्टेंबरात उघडले. तोवर पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंची प्रार्थना भाड्याच्या खोल्यांत नाही तर विकत घेतलेल्या जुन्या चर्चमध्ये चाले. स्वतःसाठी पायापासून बांधलेले त्यांचे हे अमेरिकेतले पहिल्या काही भव्य सिनेगॉगांपैकी एक. वास्तुरचना पीटर आणि फ्रान्सिस हर्टर या जर्मनीहून आलेल्या कॅथलिक भावांची. म्हणजे बांधणारेही स्थलांतरित आणि बांधून घेणारेही, फक्त देव वेगळा. सिनेगॉग चालवणाऱ्या मंडळाचा पहिला अध्यक्ष सेंडर यार्मुलोव्स्की हा सावकारी पेढीवाला होता आणि नव्याने येणाऱ्यांना बोटीची तिकिटे विकून त्याने पैसा केला होता. त्याची बँक त्याच्या मृत्यूनंतर 1914 मध्ये बुडाली आणि ठेवीदार रस्त्यावर आले. कनाल आणि ऑर्चर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या तिच्या उंच इमारतीत आता महागडे हॉटेल आहे.

आत गेले की पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे इथले बरेचसे वैभव खोटे आहे. खांब संगमरवरी दिसतात, पण ते रंगवलेले लाकूड आहे. भिंतीवरचे दगडही गिलाव्यावर काढलेले आहेत. ऐपत नव्हती म्हणून रंगाऱ्याकडून श्रीमंती काढून घेतली, आणि शंभर वर्षांनी जीर्णोद्धार झाला तेव्हा कारागिरांनी तो खोटा संगमरवर तितक्याच निष्ठेने पुन्हा खोटा रंगवला. मला हा भाग फार आवडतो. गॅसच्या काळातले पितळी झुंबर विजेवर आणताना उलटे टांगले गेले, ते तसेच आहे. बाकांच्या ओळींमध्ये पाइनच्या फळ्यांना पावलांच्या आकाराच्या खोबणी पडल्या आहेत. उभ्याने पुढेमागे झुलत प्रार्थना करण्याची त्यांची पद्धत, आणि प्रत्येकाने आपली बसण्याची जागा पैसे भरून विकत घेतलेली, त्यामुळे एकच माणूस वर्षानुवर्षे त्याच फळीवर उभा राहिला. तिथे चपला काढून पाय ठेवून पाहावा असा मोह होतो. मी एकदा ठेवला आहे.

अशी ही इमारत जेमतेम चार दशके भरभरून चालली. सणाच्या दिवशी गर्दी आवरायला रस्त्यावर पोलीस उभे करावे लागत. मग मुले शिकली, कमावती झाली आणि ब्रुकलिन, ब्राँक्सकडे मोठ्या घरांत गेली. आणि अमेरिकेच्या 1924 च्या स्थलांतर कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या मूठभरावर आणली. जुने गेले आणि नवे यायचे थांबले. 1950 च्या दशकात वरचे मोठे सभागृह बंद झाले आणि उरलेली थोडी मंडळी तळघराच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत प्रार्थनेला जमू लागली. वर कुलूप, छपरातून पाणी, आत कबुतरे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जेरार्ड वुल्फ या प्राध्यापकाने तो दरवाजा उघडायला लावला तेव्हा बाकांवर धुळीचा थर होता आणि प्रार्थनेची पुस्तके जिथल्या तिथे पडून होती.

आपल्यालाही, म्हणजे हिंदुस्थानी लोकांना, 1917 पासून बंद असलेला अमेरिकेचा दरवाजा 1924 च्याच कायद्याने आणखी पक्का बंद केला होता, हे आपल्याकडचे लोक सहसा आठवत नाहीत. चिनी मजुरांवर तर 1882 पासूनच बंदी होती, म्हणजे हे सिनेगॉग उघडायच्या पाच वर्षे आधीपासून. 1965 साली कायदा बदलला आणि मग चिनी कुटुंबे या वस्तीत पसरली, आणि आमच्यासारखे मराठी लोक न्यू जर्सीच्या उपनगरांत आले. ज्या कागदाने एका देवळातली माणसे आटवली, त्याच्याच दुरुस्तीने मी इथे आहे आणि त्या देवळाचे आजचे शेजारीही इथे आहेत. काकांच्या 'मूळचे आणि उपरे' या हिशेबात या रस्त्यावर कोणाला कुठे मांडायचे, ते मला अजून जमलेले नाही.

मुंबईत हा हिशेब आणखी गुंतलेला आहे. मांडवीतले 'शार हारहमीम' हे मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग 1796 साली सॅम्युएल इझीकेल दिवेकर यांनी बांधले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी, टिपूच्या कैदेतून सुटून आल्याबद्दल त्यांनी केलेला तो नवस, अशी त्यामागची कथा आहे. दिवेकर हे आडनाव मी मुद्दाम लिहिले. पेणकर, केहिमकर, आवासकर, नागावकर ही अलिबागच्या आसपासच्या गावांवरून पडलेली आडनावे बेने इस्राईल या कोकणातल्या ज्यू समाजाची आहेत. शतकानुशतके त्यांचे घरातले बोलणे मराठीत, कीर्तनसुद्धा मराठीत, आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. हे मूळचे की उपरे? त्यांच्यानंतर बगदादहून आले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून. 1832 च्या सुमारास ते मुंबईत उतरले आणि पुढे त्यांच्या घराण्याने भायखळ्याला, फोर्टात आणि पुण्याला सिनेगॉगे बांधली. या बगदादी मंडळींनी बेने इस्राईलांना बरीच वर्षे हात राखून वागवले, तोही एक 'मूळचे आणि उपरे' असा वाद होताच. आज बगदादी जवळजवळ सगळे निघून गेले आणि त्यांनी बांधलेल्या वास्तूंमध्ये दिवा लावायला, प्रार्थनेला दहा पुरुषांचा कोरम भरायला मुख्यतः बेने इस्राईलच उरले आहेत.

शेजाऱ्यांनी या वास्तूंना दिलेली नावे पाहावीत. पुण्याच्या कॅम्पातले विटांचे सिनेगॉग पुणेकरांचे 'लाल देऊळ' झाले. डेव्हिड ससून यांची कबर त्याच्या आवारात आहे. मुंबईत बेने इस्राईल मंडळी स्वतःच आपल्या प्रार्थनालयाला 'मशीद' म्हणत आली, आणि मशीद बंदर हे नाव मांडवीच्या त्या वास्तूवरून पडले असे त्यांच्यात सांगतात. ज्यूंची वास्तू पुण्यात देऊळ होते आणि मुंबईत मशीद होते, आणि त्यावरून शे-दीडशे वर्षे कोणाचे काही अडले नाही. आजच्या वातावरणात असे नाव नव्याने पडेल का, अशी शंका मनात येते आणि मी ती बाजूला ठेवते.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. एल्ड्रिज स्ट्रीटचे सिनेगॉग ज्यांनी बांधले त्यांच्या वंशजांच्या अभिमानामुळे ते वाचले, असे आपल्याकडे कोणी सांगितले तर ते अर्धेच खरे आहे. वंशजांपैकी बहुतेकांनी ते पन्नास वर्षे वळूनही पाहिले नव्हते. वाचवण्याचे काम सुरू केले ते तिथे कधी प्रार्थनेला न गेलेल्या माणसांनी. 1986 मध्ये रॉबर्टा ब्रँडीस ग्रॅट्झ या पत्रकार बाईंनी त्यासाठी संस्था उभी केली. त्या ज्यू होत्या, पण या मंडळाच्या नव्हत्या. काम वीस वर्षे चालले, सुमारे दोन कोटी डॉलर लागले, त्यात शहराच्या तिजोरीचा पैसा होता आणि हजारो लहानमोठ्या देणगीदारांचाही. डिसेंबर 2007 मध्ये ते पूर्ण झाले. आज ते संग्रहालय आहे, आणि त्याच इमारतीत ते छोटे मंडळ अजूनही शनिवारी प्रार्थना करते. आपली मालकी सोडायला त्यांना कोणी सांगितले नाही, आणि शेजाऱ्यांना आत येण्यासाठी ज्यू व्हावे लागले नाही.

दरवर्षी उन्हाळ्यात या रस्त्यावर एक जत्रा भरते. एगरोल चिनी लोकांचे आणि एगक्रीम ज्यूंचे, अशी तिच्या नावात मूळची जोडी, पुढे तिला पोर्तो रिकोच्या लोकांचे एम्पनाडाही जोडले गेले. एगक्रीममध्ये अंडे नसते आणि सायही नसते. सोडा, दूध आणि चॉकलेटचा पाक एवढेच. एकीकडे पूर्व युरोपातल्या ज्यूंची क्लेझमर वाद्ये, दुसरीकडे चिनी ऑपेरा, आणि मध्ये माहजोंगची टेबले, कारण तो चिनी खेळ न्यूयॉर्कच्या ज्यू बायकांनीही तितकाच आपलासा केलेला आहे. मला अशा जत्रांतल्या सलोख्याचा थोडा कंटाळा येतो हे कबूल करते, एक दिवस एकमेकांचे खाल्ल्याने शेजार होत नाही. पण त्या दिवशी चिनी आज्या नातवंडांना घेऊन आत बाकांवर गार हवेला बसलेल्या असतात, आणि त्यांना त्या इमारतीत बसण्यासाठी काहीही सिद्ध करावे लागत नाही. भायखळ्याला याहून मोठे उदाहरण रोज घडते. मागेन डेव्हिड सिनेगॉगला लागून असलेल्या, ससून घराण्याने काढलेल्या शाळेत आज बहुतांश विद्यार्थी मुसलमान आहेत. त्याची जत्रा भरत नाही आणि बातमीही फारशी होत नाही.

तरी न्यूयॉर्कला आदर्श म्हणून कोणी माझ्या तोंडी घालू नये. या सिनेगॉगपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, नॉरफोक स्ट्रीटवर, बेथ हमेद्राश हगादोल नावाचे दुसरे सिनेगॉग होते. मूळचे 1850 चे बाप्टिस्ट चर्च, 1885 पासून पूर्व युरोपातल्या ज्यूंचे. शहराने त्याला 1967 मध्येच संरक्षित वास्तूचा दर्जा दिला, एल्ड्रिज स्ट्रीटला तो 1980 मध्ये मिळाला. पण दर्जा मिळाल्याने छप्पर शाकारले जात नाही. मंडळ आटत गेले, इमारत मोडकळीस आली, खुद्द मंडळानेच ती पाडायची परवानगी मागून पाहिली, आणि 2017 च्या मे महिन्यात तिला आग लागली. कायदा पाडण्यापासून रोखू शकतो. गळणाऱ्या कौलाखाली बादली कोण ठेवणार, हे कायद्यात लिहिलेले नसते.

मुंबईत नेमके इथेच आपण वाद चुकवतो. 1995 साली वारसा वास्तूंसाठी नियम करणारे मुंबई हे देशातले पहिले शहर. यादी आली, श्रेणी आल्या, समिती आली. पण ज्या इमारतींची भाडी 1947 च्या कायद्याने गोठवली होती त्यांची डागडुजी मालक कोणत्या पैशातून करणार, आणि रहिवासी कोणत्या आशेवर, याचे उत्तर यादीबरोबर आले नाही. म्हणून 'हेरिटेज' हा शब्द चाळीत उच्चारला की लोकांना धमकी ऐकू येते. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला 500 चौरस फुटांचे, आत संडास असलेले घर मिळत असेल तर त्यांना आठवणींचे महत्त्व सांगायला मी कोण? एल्ड्रिज स्ट्रीटच्या जवळच, 97 ऑर्चर्ड स्ट्रीटवर, 1863 सालची एक चाळवजा इमारत संग्रहालय म्हणून जपली आहे. तीन खोल्यांची, साधारण 325 चौरस फुटांची घरे, आणि एकेका घरात सात-आठ माणसे. पर्यटक आत जाऊन हळहळतात. मात्र तिथले भाडेकरू 1935 मध्येच बाहेर पडले होते आणि संग्रहालय 1988 मध्ये सुरू झाले. तिथे कोणाला बाहेर काढून जतन करावे लागले नाही. हा फरक मी माझ्या जिन्याच्या प्रेमात विसरले होते. शिवाय ज्या वस्तीत जुने असे सुंदर करून ठेवले जाते, तिथली भाडी वाढतात आणि चिनी दुकानदारांना ती परवडेनाशी होतात, हेही मी रोज पाहते आहे.

देवळाचे आणि घराचे गणित वेगळे असते, एवढे तरी आपण वादात मान्य करावे. घरात राहणाऱ्याचे मत शेवटचे. पण जिथून माणसेच गेली आहेत अशा वास्तूबद्दल, मग ते सिनेगॉग असो, पारशी अग्यारी असो की गिरणीची चिमणी, 'हे कोणाचे' एवढाच प्रश्न विचारून चालत नाही. भारतातल्या ज्यूंची संख्या आता पाच हजारांच्या आत आली आहे आणि महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तेवढ्या माणसांनीच दोन शतकांच्या वास्तू सांभाळाव्यात अशी अपेक्षा करणे म्हणजे त्या पडू देणे. काळा घोड्याजवळचे केनेसेथ एलियाहू हे 1884 चे सिनेगॉग ज्यू विश्वस्तांनी बाहेरच्यांची मदत घेऊन दुरुस्त करवले आणि 2019 मध्ये ते नव्याने उघडले. तेव्हा त्याचा सवयीचा निळा रंग गेला म्हणून हळहळणाऱ्यांत माझ्या ओळखीचे, कधीही आत न गेलेले, पक्के दादरकर होते. मला ती हळहळ फार आशादायक वाटली. आपला नसलेला रंग आपलाच गेल्यासारखा वाटणे, यातून काही तरी सुरू होऊ शकते.

एल्ड्रिज स्ट्रीटवरही रंगाचा असा एक पेच होता. पूर्वेकडच्या भिंतीवरची मूळ गोल खिडकी जाऊन 1944 मध्ये तिथे काचेच्या साध्या विटा बसवल्या होत्या. मूळ खिडकी कशी होती याचा पुरावा मिळेना. कल्पनेने 'मूळ' तयार करायचे, काचेच्या विटा इतिहास म्हणून ठेवायच्या, की नवे काही करायचे? संस्थेने तिसरा मार्ग घेतला आणि किकी स्मिथ ही चित्रकार व डेबोरा गॅन्स ही वास्तुरचनाकार यांच्याकडून ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाची निळी खिडकी करून घेतली. ती 2010 मध्ये बसली. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला की एक तर सिमेंटवर ऑइलपेंट किंवा 'मूळ वैभव' या नावाखाली कोणी कधी न पाहिलेला इतिहास. ठाऊक नाही तिथे ठाऊक नाही म्हणून नवे करायचे, आणि त्यावर आपल्या काळाची सही ठेवायची, हा प्रामाणिकपणा मला घ्यावासा वाटतो. बायकांच्या सज्जातल्या एका भिंतीचा तुकडा तर त्यांनी दुरुस्तच केलेला नाही. पोपडे, आतल्या लाकडी पट्ट्या, सगळे उघडे आहे.

आमच्या मराठी मंडळाचा गणपती शाळेच्या भाड्याच्या सभागृहात बसतो, आणि गेली काही वर्षे स्वतःची वास्तू बांधायची चर्चा आहे. सभेत कोणी तरी उत्साहाने 'पुढच्या पिढ्यांसाठी' असे म्हणते आणि मला त्या पाइनच्या फळ्या दिसतात. व्हिसाच्या नियमांची एक फेरी बदलली आणि नवी कुटुंबे यायची थांबली, तर आमची मुले टेक्सासला नाही तर कॅलिफोर्नियाला गेल्यावर त्या सभागृहाचे छप्पर कोण पाहील? मी एकदा सभेत विचारले की गावातल्या इतर लोकांना वापरायला मिळेल अशी एखादी खोली आराखड्यात ठेवावी का. चर्चा पार्किंगकडे वळली. तिथेही आमचे काका आहेतच.

दोन वर्षांपूर्वी मावसभाऊ इथे आला होता तेव्हा मी त्याला एल्ड्रिज स्ट्रीटला नेले होते. मी त्याला खोबणी दाखवल्या, खोटा संगमरवर दाखवला, निळ्या खिडकीखाली उभे केले. तो विनम्रपणे मान डोलावत होता. सज्जात त्या उघड्या भिंतीपाशी मात्र तो थांबला, वाकून पाहिले, मग वर छताकडे पाहिले, आणि वास्तू दाखवणाऱ्या बाईंना आपल्या इंग्रजीत विचारले की पन्हळ बाहेरून होती की भिंतीतून. बाईंना ते सांगता येईना. त्यांनी खाली जाऊन कोणाला तरी विचारून येते म्हटले, आणि आम्ही दोघे त्या भिंतीजवळ वाट पाहत बसलो. "पाणी इथूनच उतरलेय बघ, ताई," तो ओलीच्या जुन्या रेषेवरून बोट फिरवत म्हणाला, "आमच्या माळ्यावर अगदी अस्संच आहे."